छत्तीसच्या रोलवर चाळीस फोटो

पुण्याचे विमानातून काढलेले जुने फोटो बघितलेत ना? ते माझे! म्हणजे काढले जोगसाहेबांनी. मी फक्त कॅमेऱ्यात फिल्म भरायचो. सातवी नापास माणसाला एवढ्या उंच कोण नेतं? साहेबांनी नेलं. तिथले किस्से इतके साठलेत की एक काढायला गेलं तर चार सांडतात.

*

पहिल्या दिवशी विमान उडालं आणि मी डोळे जे मिटले, ते उतरल्यावरच उघडले. साहेबांनी विचारलं, "काय पाहिलंत, बबनराव?"

"ढगच ढग, साहेब!"

"अस्सं. आम्हाला आज एकही दिसला नाही."

*

विश्रांतवाडीच्या आमच्या चुलत्यांना शेजाऱ्याच्या रानात बांध सरकवायची भारी हौस. मी पुडी सोडली, "अण्णा, उद्या इमान आपल्यावरनं जाणार हाय. फोटोत इंच न् इंच दिसतो."

सकाळी बघतो तर अण्णा कुदळ घेऊन बांध मागं घेतायत! तो शेजारी मला दरवर्षी हुरडा पाठवायचा.

*

नारायण पेठेतल्या स्टुडिओत साहेबांनी पेठेचा मोठ्ठा फोटो लावला. समोरच्या लिमयेकाकूंनी भिंग घेऊन अर्धा तास स्वतःचं घर तपासलं. मग म्हणाल्या, "आधी कळवायची पद्धत असते. छपरावरचा कचरा तरी काढला असता!"

*

आता माझं पाप. एका बागायतदाराच्या मळ्याचे फोटो काढत होतो. विमानाचं दार काढलेलं, साहेब बाहेर झुकलेले, त्यांच्या कमरेचा पट्टा मागून मी धरलेला. छत्तीसचा रोल, पण चाळीस फोटो झाले तरी संपेना! मी ओरडलो, "बरकत आहे, साहेब!" ते आपले फोटो काढतच राहिले.

खाली येऊन कॅमेरा उघडला तर काय! फिल्मचं टोक मी चक्रीत नीट अडकवलंच नव्हतं. रोल जागचा हललाच नव्हता. एकही फोटो नाही! नोकरी गेली, असंच धरून चाललो. कुणाला न सांगता रोल धुवायला दिला. कोरा निघाला.

साहेब बागायतदाराला म्हणाले, "चूक माझी. पुन्हा उडू." आणि दुसऱ्या दिवशी फिल्म भरायला कॅमेरा माझ्याच हातात दिला. 'चूक माझी' या दोन शब्दांवर माझा संसार झाला, पोरी शिकल्या.

साहेबांनी काम थांबवल्यावर एकदा घरी जाऊन सगळं कबूल केलं. ते शांतपणे चहा ओतत म्हणाले, "रोल पुढे सरकला की कॅमेऱ्यावरची खुंटी फिरते. ती फिरत नाही, हे मला दहाव्या फोटोलाच दिसलं होतं."

"मग तिथंच झापलं का नाहीत?"

"अहो, माझा पट्टा तुमच्या हातात होता!"