उजवी पाकळी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.कॉम. झालो. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यामुळेच घरातला इंग्रजी कागद सगळ्यात आधी माझ्या हातात येतो. लाइटबिल, सोसायटीची नोटीस, आणि शेवटी बाबांचा रिपोर्ट. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, खावंसं वाटेल ते द्या. मी बाबांना सांगितलं, आतड्याला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल.

बाबा मूळचे सिंधुदुर्गातले, गुरवाच्या घरातले. आजोबा गावच्या देवळात कौल लावायचे. दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन बाजूंना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबांनी ते सगळं सोडलं, इकडे शहरात येऊन द्रोणागिरी बंदराकडच्या गोदामात हमाली केली आणि मला शिकवलं. आता त्यांना कौल हवा होता. गावापर्यंतचा प्रवास झेपणारा नव्हता.

"त्या डोंगरात गुहेत महादेव आसा," खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे बोट करत ते म्हणाले. "तेका इचारूया."

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीतून रिक्षा पायथ्यापर्यंत गेली. पुढे करवंदीच्या जाळ्यांतून पायवाट. पूर्वी ही वाट अर्ध्या तासाची होती. त्या दिवशी दोन तास लागले. दर वळणावर ते दगडावर बसायचे आणि मी पाण्याची बाटली पुढे करायचो.

"दमलंस काय रे, सायबा?" दम त्यांना लागला होता, विचारत होते मला. "ऑफिसात एसीत बसान ढोपरा गेली तुमची."

गुहेत कोणी नव्हतं. पुजारी फक्त सोमवारी येतो. वाकून आत गेलो की आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू काळा दगड दिसतो, त्याच्यावर कोणीतरी वाहिलेला सुकलेला बेल. सोसायटीच्या गेटजवळच्या तगरीची फुलं मी रुमालात आणली होती.

"तू लाव," बाबा म्हणाले. "आपलो कौल आपण लावचो नसता."

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. घराबाहेर कधी वर न चढलेला त्यांचा आवाज गुहेत घुमत होता.

"बा देवा महाराजा, तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इलासा. ह्या दुखण्यातसून उठतलंय काय नाय, ता सांग. उठतलंय तर उजवो दी रे महाराजा."

"होय महाराजा," मी म्हणालो. ते म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

माझा या कशावर विश्वास नाही. तरी मी डावी पाकळी पाण्यात चांगली बुडवली आणि अंगठ्याने दाबून बसवली. उजवीला नुसतं ओलं बोट लावलं. विश्वास नव्हता तर हे कशाला केलं, ते मला आजही सांगता येत नाही.

उजवी लगेच पडली.

बाबांनी डोळे उघडले. पडलेल्या पाकळीकडे त्यांनी पाहिलंच नाही. चिकटून राहिलेल्या डावीकडे बराच वेळ बघत राहिले. मग नमस्कार केला आणि बाहेर आले.

उतरताना पहिल्याच दगडावर ते बसले.

"मी गुरवाचो झील," ते म्हणाले. "पानी किती लावल्यार पाकळी किती येळ ऱ्हवता, ता माका कळता."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली.

"रिपोर्ट बरो असतो तर तू असा केलंच नसतंस."

वरून एक विमान गेलं. नव्या विमानतळावर उतरायला आता सगळी याच डोंगरावरून जातात. आवाज विरेपर्यंत दोघंही थांबलो.

"आता वाच."

रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये होता. मी ओळ वाचायचो आणि मराठीत सांगायचो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. एका शब्दाला मराठीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, तो मी गाळला. त्यांनी विचारलं नाही. किती दिवस, तेही विचारलं नाही.

काठी टेकून ते उठले. "आवशीक सांग, देवान उजवो दिल्यान."

घरी गेल्यावर मी आईला तसंच सांगितलं. तिने देव्हाऱ्यासमोर साखर ठेवली, आणि मग ती चिमूट चिमूट आम्हा दोघांच्या हातावर दिली. बाबांनी आपली साखर तिच्यासमोर खाल्ली.