तिकोनी भोक

आज कारखान्यात नवं चामडं आलं. त्या ओल्या वासासरशी मी पुन्हा अकरा वर्षांची होऊन बीडच्या कडुलिंबाखाली उभी राहिले.

निजामाचं राज्य होतं. बाप गेल्यापासून माय आणि मी मामाकडे राहत होतो. मामाकडे शिवलेल्या छागली, म्हणजे पाण्याच्या चामडी पिशव्या, हैदराबादेला जात. त्या दिवशी तिथला सौदागर आला होता. मामाची आणि मी शिवलेली अशा दोन छागली त्यानं पाणी भरून झाडाला टांगल्या. छागल घामेजली तर चांगलंच, पाणी गार राहतं. पण थेंब पडता कामा नये. माझी टिकली तर तो काम थेट आम्हा मायलेकींना देणार होता. आमची वेगळी चूल झाली असती.

माझ्या छागलीतून थेंब पडला, मग धार लागली.

"लेकराचा हात हाय, साहेब," मामा हसत म्हणाला. "अजून लई शिकायचंय तिला."

मी छागल उतरवली. शिवण शाबूत होती, तिच्याखाली मात्र बारीक तिकोनी भोक होतं. चामडं टोचायची तिकोनी टोकाची आरी अख्ख्या गल्लीत फक्त मामाकडे होती. मायनंही ते पाहिलं.

"गप ऱ्हा," ती कानाशी म्हणाली. "सांजच्याला त्याच्याच घरी जेवायचं हाय."

आज माझ्याकडे तीस कारागीर आहेत. पोरीला मीच घडवलं, असं मामा शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचा. तो वारल्यावर मामीनं विचारलं, आठवण म्हणून काय पाहिजे. मी ती आरी मागितली.

मामीनं खाली मान घालून ती काढून दिली. तिलाही ठाऊक होतं.