आप्पासाहेबांचा स्वतंत्र चॅनल

बिभीषण साउंडवाला आहे आणि मी कार्यक्रमांचा निवेदक. म्हणजे तो मला बंद करू शकतो, मी त्याला करू शकत नाही.

चितेगावजवळच्या मेंढपाळ घरातला हा गडी आता संभाजीनगरातली निम्मी मंगल कार्यालयं सांभाळतो. माइकच्या वायरी एका डब्यात जातात, डबा लॅपटॉपला जोडलेला. मग पडद्यावर तो प्रत्येक आवाजाचा एक चॅनल उघडतो. हे चॅनल हाताला लागत नाहीत, नुसते पडद्यावर असतात. पण कुठला आवाज कुठल्या स्पीकरला सोडायचा, हे तिथंच ठरतं. बाकीचे साउंडवाले चॅनलला नंबर देतात, हा बारसं करतो. माझ्या चॅनलचं नाव ‘बडबड’. मी जाब विचारला तर म्हणाला, “सर, घाईत लगेच वळखू यायला पायजे.” असा संताप आला म्हणून सांगू!

त्या दिवशी आमचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या आप्पासाहेबांची एकसष्टी होती. आप्पासाहेब स्वतःच्या कार्यक्रमात स्वतःच गातात. ते गायला लागले की लोकांना घरचा गॅस चालू राहिल्याची आठवण होते. त्यावर बिभीषणनं तोडगा काढला होता. ‘आप्पासाहेब’ हा चॅनल तो फक्त त्यांच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरला सोडायचा. हॉलमध्ये नुसती बासरी आणि तबला. “या शहरात माझा आवाज एकट्या बिभीषणला कळला,” असं आप्पासाहेब सगळ्यांना सांगत. खोटं काहीच नव्हतं त्यात.

नेमकी त्याच दिवशी बिभीषणची आई, बानाबाई, गावाहून आली. वडील बिरू यांचा हुकूम होता: पोरगा काय काम करतो ते बघ, कामात राम नसला तर मेंढरांमागं घेऊन ये. बिभीषणला सकाळपासून घाम फुटला होता.

बानाबाई स्टेजला खेटून बसल्या. तिथं कुणीच का बसत नाही, हे त्यांना कोण सांगणार? गाणं सुरू झालं आणि त्यांनी कानांवर पदर दाबला. मागं पाहिलं तर लोक निवांत गुलाबजाम खातायत. त्या उठून मागं गेल्या. परत पुढं आल्या. पुन्हा मागं गेल्या आणि तशाच तडक आमच्या टेबलापाशी.

“काय रं, तिथं कान फाटतेत अन् हितं नुसती बासरी. मशीन बिघडली का?”

बिभीषणचा चेहरा उतरला. आईशी खोटं बोलायची त्याची छाती नाही.

“बिघडली नाय, माय. मीच केलंय.” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “ह्यो आप्पासाहेबांचा आवाज. त्यांच्याच पायापाशी जातो, पुढं नाय.”

“त्यांला ठावं हाय?”

“नाय.”

संपलं, म्हटलं. उद्यापासून हा मेंढरांमागं आणि मी कुणाच्या तरी चॅनल नंबर चारवर. मला खरंच वाईट वाटलं.

बानाबाईंनी स्टेजकडे पाहिलं. आप्पासाहेब डोळे मिटून डोलत होते. मग बानाबाईंनी पंगतीकडे पाहिलं.

“म्हंजी त्यो बी खूश, अन् बाकीचे बी सुखात?”

“व्हय.”

“मंग तू हितंच ऱ्हा. मेंढरांचं आमी बघतो.”

बिभीषणचे डोळे भरून आले. तो पाया पडायला वाकला, तशी त्याच्या पाठीवर हात ठेवून बानाबाई म्हणाल्या, “पर दिवाळीला येशील तवा तुह्या बापाच्या आवाजासाठी असा एक डबा घेऊन ये. लगीन झाल्यापून मी सुखानं जेवले नाय.”