रजनीच्या नावावरची सुट्टी

मारुंजीत रजनीला "सायकलवाली वहिनी" म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं.

हिंजवडीत कंपन्या आल्या तशी तिच्या सासरची भातखाचरं गेली आणि त्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली. खाली घरची माणसं, वर भाड्याच्या खोल्या. नवरा किशोर जमिनीचे व्यवहार जुळवतो. सकाळी अंघोळ करून कडक इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला की त्याचं घरात येणं जेवायलाच. भाडेकरूंची भांडणं, पाण्याची मोटर, कचरा, गॅस, आणि सासूबाई तुळजाबाईंचं पथ्यपाणी, हे सगळं रजनीकडे.

सायकल तिच्याकडे आली ती अशीच. सौरभ नावाचा भाडेकरू बंगळुरूला नोकरी लागली म्हणून घाईने गेला आणि त्याची बारीक टायरांची, वाकड्या हँडलची सायकल जिन्याखाली तशीच राहिली. रजनीने फोन केला तर म्हणाला, "काकू, तुम्हीच वापरा. नाहीतर भंगारात द्या." रजनीचं माहेर भोरकडचं. तिकडे शाळा लांब होती आणि सायकल ही चैन नव्हती. पण लग्नानंतर पायडलवर तिने पाय ठेवला नव्हता. एका पहाटे ती सायकल काढून कासारसाईच्या धरणापर्यंत गेली. परत येताना ओढणी साखळीत अडकली आणि ती पडता पडता वाचली. दुसऱ्या दिवशी ती ओढणीशिवाय निघाली आणि गावाला बोलायला विषय मिळाला.

किशोर चिडला. "लोक इचारतात मला, वहिनी सकाळी सकाळी कुटं जातात म्हणून."

तुळजाबाई पलंगावर बसून गोळ्या मोजत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पडली तर दात पाडून घेईल. आनी काय हुनार हाय?" घरातून मिळालेली परवानगी एवढीच.

मग तिला रविवारी सायकलने लांब जाणारी मंडळी भेटली. माण, घोटावडे फाटा, पौड आणि मुळशीचं धरण, तिथून माघारी. साडेनऊला घरात नाश्ता लागायचा, म्हणून तिची हद्द धरणापाशी संपायची. बाकीचे पुढे ताम्हिणीकडे जात, रजनी वळून घराकडे. पण पौडच्या पुढे चढ लागला की कंपन्यांतली पोरं एकेक करून तिच्या मागे पडत. ती उठून, झटके देऊन सायकल मारत नसे. बसल्या जागी, एका लयीत, दळण दळावं तशी चढायची. चढावर घरची कुठलीच गोष्ट डोक्यात राहत नाही, एवढंच ती कुणी विचारलं तर सांगायची.

चाळिशी ओलांडल्यावर तिने दोनशे किलोमीटरची राईड वेळेच्या आत पूर्ण केली. पेपरात फोटो आला. आणि किशोर एका दिवसात बदलला. फोटो त्याच्या स्टेटसला लागला, भावकीच्या ग्रुपवर फिरला. ज्याला-त्याला तो सांगू लागला, "आमच्या मिसेस. मीच म्हणलं, चालव, घाबरू नको."

त्याच वर्षी मार्चमध्ये एका रात्री सगळे जेवायला बसले होते. धाकटा दीर रोहित, त्याची बायको पिंकी, त्यांची लहान पोरं, रजनीची सोळा वर्षांची आरोही, तुळजाबाई. किशोरने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि जाहीर केलं, "यंदा सुट्टीला कुठं जायचं ते रजनी ठरवणार. तिच्या सायकलीला सोयीची जागा. दरवर्षी आपलंच असतं, यंदा तिचा मान."

रजनीच्या हातातली पोळी हातातच राहिली. आजवरच्या सहली तिला आठवल्या. गोवा, शिर्डी, कोल्हापूर. प्रत्येक वेळी ती गाडीत मागे चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेली, आणि काचेतून एखादा लांबलचक वळणाचा रस्ता दिसला की मान वळवून तो संपेपर्यंत बघणारी.

तिने ते मनावर घेतलं. चार-पाच दिवस ती नकाशा बघत होती. शेवटी दिवेआगर ठरवलं. पहाटे निघून तिने सायकलवर ताम्हिणी उतरायची, बाकीच्यांनी उशिरा गाडीतून यायचं. पुढे दिवेआगरहून श्रीवर्धनला समुद्राच्या कडेकडेने रस्ता जातो, तो सकाळी-सकाळी. पण तिने एकटीचा विचार केला नव्हता. पोरांना समुद्र, रोहितला मासे, सासूबाईंना हरिहरेश्वर. गुडघ्यांमुळे त्यांना जिना नको म्हणून तिने फोन करून तळमजल्याच्या खोल्याही विचारून ठेवल्या.

"बघू," किशोर म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, आईला घाटात उलट्या होतात. रजनी म्हणाली, हळू जाऊ, गोळी देऊ. मग मे महिन्यात कोकणात उकाडा असतो, हे निघालं. रजनी म्हणाली, एसीची खोली घेऊ. मग रोहितच्या रजेचं निघालं. रजनीने एक दिवस कमी केला. मग घाट उतरायचं सोडून दिलं. म्हणाली, मी पण गाडीतूनच येते, तिथे गेल्यावर चालवीन. मग तेही नको, एकच सकाळ द्या मला, बस. आपलं म्हणणं आपल्याच हाताने ती दररोज थोडं थोडं छाटत होती, आणि आता तरी बसेल, असं तिला वाटत होतं.

एप्रिलमध्ये परत एकदा सगळे जेवायला असताना किशोर म्हणाला, "मी तोडगा काढलाय. मुळशी. माझ्या ओळखीच्या शेखरनं धरणाच्या बाजूला नवीन रिसॉर्ट काढलंय."

"मुळशी?" रजनी म्हणाली. "तिथं तर मी दर रविवारी जाते."

"मग चांगलंच हाय की! ओळखीचा रस्ता. तुझं सायकलिंग बी होईल, आमचा आराम बी होईल. आता तुझ्यासाठीच चाललंय म्हणल्यावर तू हो म्हण."

सगळे तिच्याकडे बघत होते. चारचौघांत आपल्या नावाने वाढलेलं ताट पुढे आलं तर ते नको म्हणायला जीभ उचलत नाही. रजनी म्हणाली, "चालेल."

मे महिन्यात ती सायकलवर निघाली आणि घरची गाडी मागून. घोटावड्याजवळ गाडीने तिला गाठलं, किशोरने हॉर्न वाजवला आणि ती धूळ उडवत पुढे गेली.

धरणाचं पाणी पार आत गेलं होतं. जिथे पाणी असायचं तिथे भेगाळलेला गाळ. रिसॉर्टच्या खोल्यांना अजून रंगाचा वास होता, पोहण्याच्या टाकीत पाणी नव्हतं, आणि आचारी गावाकडे लग्नाला गेला होता. शेखर हात जोडत फिरत होता, "उद्यापर्यंत येईल, वहिनी, नक्की येईल." दुपारची वेळ, पोरं भुकेलेली. रजनीने घामाचे कपडे बदलले आणि ती स्वयंपाकघरात शिरली. आचारी काही आला नाही. घरी निदान आपले डबे आपल्याला माहीत असतात. इथे हळद शोधण्यापासून सुरुवात.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताना सायकल घेऊन ताम्हिणीच्या दिशेने निघाली. एवढी तरी एक सकाळ आपली, असं म्हणत. दोन चढ पार केले, अंग तापलं, वारा सुटला होता. खिशातला फोन वाजला.

"कुटं हाईस? आईला गोळी घ्यायचीय, उपाशीपोटी चालत न्हाई. पिंकी झोपलीय."

रजनीने सायकल वळवली.

त्या दुपारी सगळे ओसरीवर पंख्याखाली बसले होते. लाईट ये-जा करत होती. पिंकी म्हणाली, "ताई, एक बोलू? राग मानू नका. आमचं मनालीचं सगळं ठरलं होतं. दादाच म्हणले, रजनीला सायकल चालवायचीय, यंदा तिचं मन राखा. म्हणून आम्ही सोडलं. पण हितं तुमी तरी कुठं चालवताय?"

"जाऊ दे ना," रोहित पुटपुटला.

आरोहीने मोबाईलमधून डोकं वर काढलं. "मला पण पप्पा तेच म्हणाले. माझ्या मैत्रिणी गोव्याला गेल्यात. तुझ्या सायकलमुळे आम्ही सगळे इथे सडतोय, मम्मी."

"मी दिवेआगर म्हणाले होते," रजनी म्हणाली.

"पण शेवटी तूच मुळशीला हो म्हणालीस ना? मी होते तिथे."

होती ती तिथे. हो म्हणाली होती रजनी. तिचं काहीच झालं नव्हतं, पण तिच्यापायी सगळ्यांची हौस मारली गेली होती. गेले दोन महिने ही माणसं आपल्याशी अशी तुटक का बोलतात, याचा तिला आत्ता उलगडा झाला.

संध्याकाळी शेखर मोबाईल घेऊन आला. रिसॉर्टच्या जाहिरातीसाठी कुटुंबाचा फोटो हवा होता. "वहिनी, सायकल घ्या ना पुढं. हेल्मेट पण घाला. लई भारी दिसंल." सगळ्यांना नीट उभं करता करता तो आनंदाने बोलत होता, "किशोरशेठनं दिवाळीतच शब्द दिला होता, उन्हाळ्यात पहिली येणार ती आमच्या घरची माणसं. आता हिस्सेदाराच्याच घरचे नाही आले, तर बाकीचे कशाला येतील?"

"हिस्सेदार?" रजनी म्हणाली.

शेखरने किशोरकडे बघितलं आणि घाईने फोटो काढला. तो फोटो अजून रिसॉर्टच्या पानावर आहे. त्यात रजनी हसताना दिसते.

गाडी लावली होती तिथे तिने किशोरला गाठलं.

"दिवाळीत ठरलं होतं?"

"सांगनारच होतो तुला. धंद्याच्या गोष्टी आधी बोलून दाखवायच्या नसतात."

"मग मार्चमध्ये मला विचारलंत कशाला?"

"अगं, मान दिला तुला. सगळ्यांच्या समोर दिला."

"मान नाही दिलात. माझं नाव वापरलंत. तुमच्या कामासाठी सगळ्यांना इथं आणलं आणि बोल मात्र मला."

किशोर खरोखरच गोंधळला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि तेच रजनीला जास्त लागलं. तो म्हणाला, "एवढं काय झालं त्यात? रस्ता तोच हाय, सायकल तीच हाय. तुला चालवायचीच हाय ना?"

सकाळी तिने सगळ्यांचा नाश्ता केला, सासूबाईंची गोळी त्यांच्या हातात दिली आणि ऐन उन्हात सायकल काढून ती घरी निघून आली. कुणाला काही न सांगता. किशोरने भावाला सांगितलं, भाडेकरूंची मोटर बिघडलीय.

बाकीचे घरी परतल्यावर तिने आरोहीला जवळ बसवून सगळं सांगितलं. पोरीने ऐकून घेतलं. म्हणाली, "मग तेव्हाच सगळ्यांसमोर का नाही बोललीस?"

"बोलायला पाहिजे होतं," रजनी म्हणाली.

आरोही उठून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात घर मनालीला निघालं. या वेळी रजनीला कुणी काही ठरवायला सांगितलं नाही. तिकिटं काढताना किशोरने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आईंना इतक्या लांब झेपणार नाही. त्यांच्याजवळ कुणीतरी पाहिजे. मी राहते." सगळ्यांना बरं वाटलं. पिंकी तर म्हणाली, ताई आहेत म्हणून आपण निघू शकतो.

ते गेल्यावर रजनी रोज सायकल चालवत होती. वेळेचं बंधन नव्हतं, फोन वाजत नव्हता. मनात आणलं असतं तर समुद्रापर्यंत जाऊन आली असती, पण ती गेली नाही. का, ते तिलाही धड सांगता येत नाही. धरणापाशी आली की पाय आपोआप वळायचे.

एका दुपारी तुळजाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "परवा भावकीतली बाई इचारत हुती, सून ऱ्हायली व्हय तुमच्यापायी? म्या म्हनलं, मला काय म्हाईत."

रजनी खाली पडलेली सालं गोळा करू लागली.

"तुला जायाचं न्हवतं. मग तसं म्हनायचं. माझे गुडघे कशाला मधी घालतीस? म्या कवा म्हनलं मला माणूस पायजे म्हनून? भाकरी अजून माझी मी थापतिया."

रजनीचा चेहरा खर्रकन उतरला. वर्षभर जे तिला सलत होतं, तेच तिने या म्हातारीच्या बाबतीत केलं होतं, आणि तेही तितक्याच सहज. तिने उठून किशोरला फोन लावला. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"मी आईंच्यामुळं राहिले नाही," ती म्हणाली. "मला तुमच्याबरोबर यायचं नव्हतं."

"काय? हितं रेंज न्हाई नीट. आल्यावर बोलू." फोन बंद झाला.

आल्यावर तो बोलला नाही. त्याने ऐकलं होतं की नाही, हे तिने विचारलं नाही. पुढच्या रविवारी पाहुणे आले होते. मनालीचे फोटो दाखवत किशोर सांगत होता, "रजनीला लई यायचं होतं, पण आईची तब्येत. म्हणली, तुमी जा, मी ऱ्हाते."

आतल्या खोलीतून तुळजाबाईंचा आवाज आला, "माझी तब्येत धडधाकट हाय!"

पाहुणे हसले. त्यांना ती गंमत वाटली. किशोरही हसला आणि त्याने पुढचा फोटो काढला.

रजनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "आई खरं सांगतायत," ती म्हणाली. "मलाच जायचं नव्हतं."

या वेळी कुणी हसलं नाही. तिने कप एकेक करून समोर ठेवले आणि साखर लागेल का, म्हणून विचारलं.