पट्टेरी माशाचं काळीज

"हयसर ये गो, बघ, चालू झालां," असं म्हणत ती दोन प्रयोगशाळांमधल्या भिंतीवर पट्टी आपटायची. भिंतीच्या अलीकडे मी, रसायनशास्त्र शिकवणारी; पलीकडे ती, प्राणिशास्त्राची. मी हातातलं काम ठेवून जायची. सूक्ष्मदर्शकापाशी मला जागा देताना ती स्टुलावरून उठायची मात्र नाही, नुसती एका बाजूला कलायची. माझं बघून झालं की तिला लगेच पुन्हा बघायचं असायचं.

मी कोल्हापूरहून मालवणच्या त्या कॉलेजात रुजू झाले १९९९ साली. तेव्हा तिच्या टाक्यांत ते मासे होतेच. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळसर पट्टे. शोभेच्या माशांच्या दुकानात कुठेही मिळतात. पीएच. डी.साठी तिने तेच निवडले होते, कारण त्यांची अंडी काचेसारखी आरपार दिसतात. सकाळी घातलेल्या अंड्यात दुसऱ्या दिवशी हृदय हलताना दिसतं. सुरुवातीला हृदय नसतंच, ती सांगायची. डावीउजवीकडे पेशींचा एकेक पट्टा असतो. दोन्ही मधोमध सरकत येतात, जुळतात, त्यांची नळी होते. त्या पेशींत स्नायूंचे धागे तयार होतात आणि नळी आवळू लागते. अजून कप्पे झालेले नसतात, रक्तही धड वाहत नसतं.

"घर बांधून व्हायच्या आधीच कामाला लागतं बिचारं," ती म्हणायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एकच गोष्ट कितीही वेळा बघितली तरी नवी वाटते. ती तशी होती. लग्न केलं नव्हतं. आई बाजारात मासे विकायची, धाकटा भाऊ होडीवर जायचा, आणि त्या दोघांनी हिला शिकवलं होतं. आई एकदा बाजारातून परस्पर प्रयोगशाळेत आली. रिकामी पाटी दाराशी ठेवून तिने टाक्यांत डोकावून पाहिलं. "इतके बारके? ह्येंच्यासाठी तुका पगार देतत?" असं विचारून ती हसत हसत निघून गेली. नंतर कितीतरी दिवस ही स्टाफरूममध्ये आईची नक्कल करून दाखवायची.

काही अंड्यांत हृदय बिघडायचं. नळी तयार व्हायची, पण स्नायू नीट घडायचा नाही. मग हृदय फुग्यासारखं मोठं आणि पातळ व्हायचं; हलायचं, पण रक्त पुढे ढकलायचं नाही. असा जीव लगेच मरत नाही, हे मला तिच्याकडूनच कळलं. पाण्यातला प्राणवायू त्याच्या कातडीतून आत जातो, त्यावर तो काही दिवस तगतो. त्यातलं एखादं दिसलं की ती मला बोलवायची नाही.

भाऊ तिशीत असताना जाळं ओढता ओढता त्याला दम लागायला लागला. आधी ताप येऊन गेला होता, त्याचाच अशक्तपणा असेल असं सगळ्यांना वाटलं. मग पाय सुजले. ती त्याला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. सोबत मीही गेले होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्याचं हृदय दिसू लागलं आणि तिने माझा हात धरला. डॉक्टर अजून काही बोलले नव्हते. बाहेर आल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, की असं हृदय तिने आधी पाहिलं आहे.

हृदयाचा स्नायू गेला होता. गोळ्या होत्या, पण गेलेला स्नायू परत आणणारं औषध नव्हतं. घरी आईला हे पटेना. आपली मुलगी हृदयावरच शिकली आहे, मग अडलं कुठे, हा तिचा प्रश्न होता. "तू माश्यांचां काळीज बघतस. मगे तुझ्या भावाचां कोण बघतलो?" असं ती विचारायची, आणि रागाने नाही, खरोखरच विचारायची.

पट्टेरी माशाच्या हृदयाचा तुकडा कापला तरी तिथे नवा स्नायू वाढतो, हे तोवर शास्त्रज्ञांना कळलेलं होतं. तिने ते वाचलं, आणि कुठल्याशा एका बऱ्या दिवशी भावालाही सांगितलं. मग स्वतः करून बघायचं ठरवलं. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाएवढ्या कात्रीने. बरेच मासे मेले. एक जगला.

भाऊ तेव्हा घरीच असायचा, दाराजवळच्या खुर्चीत, उशीला टेकून. आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे. ती कॉलेजातून आली की तो रोज आधी त्या माशाची चौकशी करायचा. खातो का, पोहतो का. आईही चूल सोडून ऐकायला यायची. घरात तिघांनी त्या माशावर जीव टांगला होता. ती वेडी नव्हती, माशाचं माणसाला लागू पडत नाही हे तिला ठाऊक होतं. पण ते घरात बोलून दाखवणं तिच्याने होत नव्हतं.

काही आठवड्यांनी तिने तो मासा तपासला. जखम भरली होती, जागेवर नवा स्नायू आला होता. संध्याकाळी मी तिच्याबरोबर घरी गेले. एकटीला जाववेना, असं ती म्हणाली.

"मासो?" त्याने विचारलं.

"बरो झालो."

तो हसला. थोडा वेळ श्वास गोळा करत बसला आणि म्हणाला, "मगे माझां कधी?"

ती खाली त्याच्या पायांपाशी बसली. सुजलेल्या पावलावर हात ठेवून म्हणाली, "तू मासो नाय रे."

आई आत गेली. भावाने दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाला, "जल्मभर मासे मारलंय. आता तेंचोच हेवो वाटता."

पावसाळा संपून होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, त्या आठवड्यात तो गेला.

ती कामावर आली, तास घेतले, परीक्षा घेतल्या. हृदयाचं प्रात्यक्षिक आलं की विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शक लावून द्यायची आणि स्वतः खिडकीपाशी उभी राहायची. भारनियमनाची ती वर्षं. एका दुपारी वीज गेली ती लवकर आलीच नाही; हवेचे पंप बंद पडले आणि टाक्यांतले मासे मेले. तिने नवे आणले नाहीत. प्रबंधही तसाच राहिला. आईने एकदाच तिला विचारलं होतं, इतकी शिकून काय झालं म्हणून. ते मला सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाली, "आईचं चुकलं कुठे?"

२००९ साली आईचे गुडघे गेले तेव्हा तिने नोकरी सोडली. पुढच्या वर्षी माझी कोल्हापूरला बदली झाली म्हणून निरोप घ्यायला गेले. ती मागच्या दारी आईशेजारी बसून बांगडे साफ करत होती. डोकं मोडायचं, कल्ल्यांबरोबर आतलं सगळं एका बोटाने ओढून काढायचं आणि मांजरापुढे टाकायचं. हात भराभर चालले होते, नजर माडांकडे होती. मी बदलीचं सांगितलं. बरं झालं, घराजवळ चाललीस, असं म्हणाली.

मग पुढचा बांगडा हातात घेत तिने मला जेवूनच जायला सांगितलं.