टेरीकॉटची चिंधी

डोळा लागतोय की नाही, मला कळत नाहीये. केतकीची गाडी चाललीय. खिडकीबाहेर दगडी कुंपणं, मेंढ्या, मधूनच छप्पर उडालेला एखादा किल्ला. आयर्लंडात जरा पुढे गेलं की पडका किल्ला, नाहीतर पडका मठ. "आई, झोप थोडी. विहिरीला अजून वीस मिनिटं आहेत," लेक म्हणते.

विहिरीचं तिला अर्धंच माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिच्याकडे आलो, तेव्हा यांचं यकृत बिघडलेलं होतं. शेजारच्या नोराबाईंनी सांगितलं, मठाजवळच्या पवित्र विहिरीत आजाऱ्याच्या कपड्याची चिंधी भिजवायची आणि काठावरच्या काटेरी झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाते तसा आजार जातो. मी यांचा नवा सुती सदरा फाडायला घेतला आणि माझा जीव होईना. मग जुन्या निळ्या टेरीकॉटच्या शर्टाची मागची कड फाडली. टेरीकॉट कधी कुजतं का? पाच महिन्यांत हे गेले. माझ्या चिकटपणानं गेले, असंच मला वाटतं. कुणाला सांगितलेलं नाही.

गाडी थांबते. मी उतरते. मठाला छप्पर नाही, आत गुडघाभर गवत, आणि भिंतीवर हे बसलेत. अंगात तोच निळा शर्ट.

"काय गं, उशीर केलास."

"अहो, तुम्ही इथं कसे?"

"किल्ला बघत होतो. बुरूज नाही, पाण्याचं टाकं नाही. आपल्या अजिंक्यताऱ्यापुढं काय आहे हे?"

"किल्ला नाही, मठ आहे."

"बरं, मग चहा टाक."

मी चहा टाकते. साताऱ्यातलं आमचंच स्वयंपाकघर, ओटा तोच, पण खिडक्या टोकदार दगडी, आणि पायाखाली थडग्यांच्या फरशा. आल्याचा वास येतोय. साखरेचा डबा उघडते तर आत विहिरीचं पाणी. आता साखर कुठे शोधू? वळून बघते तर ओटाच नाही. समोर उंच गोल मनोरा, आणि हे त्याच्या दारात उभे. दार जमिनीपासून दोन पुरुष उंच. शिडी नाही.

"तिथं कसे चढलात?"

"चढलोय कुठं? अर्ध्यातच अडकलोय." हे पाठ वळवून दाखवतात. शर्टाच्या फाटक्या कडेतून एक निळा धागा खाली उतरतो आणि गवतातून लांब कुठेतरी जातो. "वर निघालो की ओढ बसते."

मला काही सुधरत नाही. हे रागावलेत की नेहमीसारखी चेष्टा करतायत? शेवटी विचारूनच टाकते.

"मी सुती फाडायला हवा होता ना? म्हणूनच तुम्ही…"

"नवा सदरा?" यांचा आवाज चढतो. "नवा कोण फाडतं? मला विचारलं असतंस तर हासुद्धा फाडू दिला नसता. चांगला शर्ट होता."

मला हसू येतं आणि त्यातच रडू फुटतं. एवढंच ऐकायला मी दीड वर्ष थांबले होते का?

"आता ती गाठ सोड," हे म्हणतात. झाड माझ्यासमोरच आहे. मघाशी नव्हतं. बाकीच्यांच्या चिंध्या काळ्या पडून लोंबतायत, आमची तेवढी जशीच्या तशी.

"सोडली तर तुम्ही जाल."

"मग काय इथं थंडीत ताटकळत बसू? पायमोजेसुद्धा नाहीत."

मला सोडायची नाही. तरी बोटं गाठीवर जातात. गाठ ओली, घट्ट, मीच मारलेली. बोटं बधिर होतात. शेवटी मी दातांनी ओढते. तोंडात शेवाळाची चव येते, आणि गाठ सुटते. वर बघते तर दारातून नुसतं आभाळ दिसतंय.

"अहो, चहा?"

"आई, आलो आपण." केतकी माझा खांदा हलवतेय. मी गाडीतच आहे, पट्टासुद्धा काढलेला नाही. दातांत काहीतरी टोचतंय. चिमटीत धरून ओढते, तर ओला निळा धागा, चांगला बोटभर लांब.

"शालीचा असेल," केतकी म्हणते.

माझी शाल तपकिरी आहे. धागा बोटाभोवती गुंडाळून गाठ मारावी, असं फार वाटतं. मी मारत नाही.