जात्यावरच्या विहीणबाई

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी जमुनाबाई जात्यावर बसलेल्या होत्या. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना रस्त्यालगत जुन्या वऱ्हाडी गावाचं संग्रहालय आहे, तिथल्या छपरीत. या संग्रहालयात काचेच्या पेट्या नाहीत. येणाऱ्यानं पेरणीची तिफण धरून पाहावी, विहिरीचं पाणी शेंदावं, पसाभर ज्वारी दळावी. दळण शिकवायला नऊवारी नेसलेल्या जमुनाबाई. नवरा वारल्यावर घर या पगारावर चाललं, लेक आचल त्यावरच बीकॉम झाली.

गेल्या वर्षी आचलचं लग्न अकोल्यात ठरलं. बैठकीत व्याही खुशालरावांनी साधाच प्रश्न केला, "तुमी काय करता?"

"संग्रहालयात मॅनेजर हाय," जमुनाबाई म्हणाल्या. कुणी उलट विचारलं नाही. तेव्हापासून सासरी आचललाही तेच सांगावं लागलं.

फाटकातून खुशालराव आत येताना दिसले तेव्हा जमुनाबाईंच्या हातात खुंटा होता. मागे विहीण दुर्गाबाई, आचल आणि आचलच्या जावेची लहान मुलगी खुशी. व्याह्यासमोर डोक्यावर पदर घेतात. जमुनाबाईंनी तो नाकाखाली ओढला.

"बाई, मॅनेजर जमुनाबाई कुठं बसतात?" खुशालरावांनी छपरीतच येऊन विचारलं. "आमच्या इहीनबाई हायत. न सांगता आलो."

जातं फिरवत, खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "आज सुट्टीवर हायत."

"पाहा, म्हटलं होतं फोन करा," दुर्गाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुमचं आपलं सरप्राइज."

आचल मोबाइलकडे बघत राहिली.

खुशी समोर येऊन बसली. तिनं खुंट्याला हात लावला, जातं अर्ध्यावर अडलं. जमुनाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवून ते फिरवलं.

"आजी, तुमी तोंड काहून झाकलं?"

"तवा बाया तशाच राहत," खुशालराव म्हणाले. "सारं खरंखुरं दाखवतात हे लोक." त्यांनी फोटो काढला.

ऊन चढलं होतं. सावली छपरीतच होती, म्हणून दुर्गाबाईंनी तिथंच चटई टाकून डबा उघडला. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्यांनी दोन पुऱ्यांवर भाजी ठेवली आणि जात्याकडे हात केला.

"घ्या बाई. सकाळपासून दळून राह्यल्या."

"नको जी."

"एक तरी."

"नको."

दुर्गाबाईंचा हात तसाच राहिला. "काहून? आमच्या हातचं चालत नाई का तुमाले?"

हे ऐकून घेणं जमुनाबाईंना जमलं नाही. "तसं नाई जी," त्या घाईनं बोलल्या, "लेकीले लेकरू झाल्याबिगर तिच्या घरचं कसं..."

लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या सासरचं अन्न खात नाही. जमुनाबाईंनी हे कायम पाळलं होतं, दुर्गाबाईही स्वतःच्या लेकीकडे पाळत होत्या. त्यांनी पुऱ्या डब्यात परत ठेवल्या. आधी जमुनाबाईंच्या हातांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"आचल, तुले ठाऊक होतं?"

"हो."

"आता कवा ओळखलं?"

"आल्याबरोबर."

जमुनाबाईंनी पदर मागे सारला. भुवयांवर पीठ होतं. खुशालराव उठून विहिरीकडे गेले. पाणी शेंदणाऱ्यांची रांग होती, तिच्यात उभे राहिले.

"आमी काय मॅनेजर मांगतला होता का?" दुर्गाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माह्या घरात सहा मयने झाले, पोरगी हेच सांगून राह्यली. तिले हे शिकवलं तुमी."

डबा बंद झाला. जेवण कुणाचंच पुरं झालं नव्हतं. जाताना आचल जात्याशी वाकली. आईच्या पाया पडेल असं वाटलं, पण खुशीची राहिलेली चप्पल उचलून ती गेली.

संध्याकाळी खरा मॅनेजर कुलदीप छपरीत आला. "मावशी, तो पदर मस्त होता. लोक फोटो काढत होते. उद्याही तसाच घ्या."

"नाई घेत," जमुनाबाई म्हणाल्या आणि जात्याभोवतीचं पीठ झाडू लागल्या.

उद्या रविवार. संग्रहालय नऊला उघडतं, आणि जात्यावर सकाळपासून पाळी जमुनाबाईंची आहे.